चिनी अक्षरांसाठी स्वतःचा कीबोर्ड लेआउट कसा बनवायचा

प्रत्येक अक्षराला एक बटण लागेल हे आधी डोक्यातून काढा. चिनी लेखक लिन युतांगने 1947 मध्ये दाखवलेल्या टाइपरायटरलाही 72च बटणं होती. आपल्याला साधा इंग्रजी कीबोर्ड पुरतो.

चीन सरकारच्या 2013 च्या तक्त्यात 8105 अक्षरं आहेत, त्यातली पहिल्या पातळीची 3500 घ्या. अक्षरांचे तुकडे वुबीसारखे (ही आकारावरून चिनी टाइप करायची पद्धत) पहिल्या रेघेवरून वाटा: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, टिंब, वळणारी. पाच गट, प्रत्येकाला पाच बटणं, झेड मोकळं.

आता खरं अवघड काम, अक्षर तोडायचं कसं. 25 बटणं आणि चार ठोके म्हणजे 3,90,625 कोड होतात, म्हणून लोक सांगतात की टक्कर, म्हणजे दोन अक्षरांना एकच कोड, होणारच नाही. साफ चूक! 'तोंड' आणि 'आठ' या अर्थांचे दोन तुकडे घ्या. तोंड वर, आठ खाली ठेवला तर 'फक्त' या अर्थाचं अक्षर होतं, आणि तेच शेजारी-शेजारी ठेवले तर कर्ण्याच्या चिनी शब्दातलं 'बा' हे अक्षर. तुकडे तेच, क्रम तोच, म्हणजे कोडही तोच.

मी इथे दोन महिने घालवले, कारण टक्कर दिसली की तेवढ्या अक्षरापुरता तोडायचा नियम बदलायचो, एक टक्कर सुटायची आणि लक्षात ठेवायला एक अपवाद वाढायचा, शेवटी माझाच लेआउट मला बघितल्याशिवाय टाइप करता येईना. असं अजिबात करू नका. हाताने लिहितो त्या क्रमाने जायचं, दर वेळी मोठ्यात मोठा तुकडा घ्यायचा, आणि हा नियम एकाही अक्षरासाठी मोडायचा नाही. कोड चार ठोक्यांपेक्षा कमी पडला तर शेवटी एक बटण जोडा, जे शेवटची रेघ आणि मांडणी दोन्ही सांगेल. वुबीत वरच्या दोन अक्षरांपैकी शेजारच्या मांडणीच्याला वाय लागतो, वर-खालीच्याला यू, आणि दोन्ही सुटी होतात.

मग हे सगळं राइममध्ये, म्हणजे स्वतःची टायपिंग पद्धत भरता येते अशा सॉफ्टवेअरमध्ये, भरा. एका ओळीत अक्षर, टॅब, कोड. टॅबच हवा, माझ्या एडिटरने गुपचूप स्पेस टाकल्या होत्या आणि एकही अक्षर उमटत नव्हतं.

शेवटी सगळ्यात जास्त लागणाऱ्या 25 अक्षरांना एकेक बटण आणि स्पेस द्या. पहिला मान 'द' या चिनी अक्षराचा, आपल्या चा-ची-चेचं काम तो करतो आणि जवळपास प्रत्येक परिच्छेदात येतो.