आधी गवत, मग निखारे: निवांत रविवारी या चुका टाळा

सकाळी बागेचं काम, दुपारनंतर अंगणात ग्रिल. रविवारचा हा बेत ऐकायला सोपा वाटतो, पण संध्याकाळपर्यंत पाठ धरते, चिकन बाहेरून काळं आणि आतून कच्चं निघतं, सगळे भुकेले बसून राहतात. यातले बहुतेक घोळ दोन्ही कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. एकदा निखारे तयार होईपर्यंत उरलेला कोपरा कापून घ्यावा म्हणून मी गवताचं मशीन पुन्हा सुरू केलं. गवताचे बारीक तुकडे आणि धूळ उडून थेट जाळीवर बसली. ती साफ करेपर्यंत निखाऱ्यांची धग अर्धी उतरली होती. तेव्हापासून मशीन जागेवर गेल्याशिवाय आणि पाचोळा उचलल्याशिवाय मी काडी ओढत नाही. शिवाय एक ठिणगी वाळक्या गवताला पुरते. मशीन पेट्रोलवरचं असेल तर इंधन इंजिन थंड झाल्यावरच भरा, आणि विस्तवाच्या जवळपास मुळीच नाही.

गवताबाबत पहिली चूक घाईची. दव सुकण्याआधी मशीन फिरवलं की पातं नीट कापत नाही, ओले गठ्ठे मशीनमध्ये अडकतात आणि हिरवळीवर पडून खालचं गवत गुदमरवतात. दुसरी चूक, महिनाभर पुन्हा कापावं लागू नये म्हणून अगदी बुडापासून कापायचं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. त्याहून जास्त गेलं की मुळं कमजोर होतात, जमीन उघडी पडते आणि तिथे आधी तण उगवतं. कापल्यावर दोन दिवसांत टोकं पांढुरकी दिसायला लागली, तर पाण्याला दोष देण्याआधी पात्याची धार बघा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं.

छाटलेल्या फांद्या ग्रिलमध्ये टाकायचा मोह होतो, तो आवरा. ओलं लाकूड नुसता कडवट धूर करतं. कण्हेरीची फांदी तर चुकूनही नको, सळई म्हणूनही नको. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, धूरसुद्धा. रंग दिलेली किंवा रसायन मुरवलेली लाकडंही तशीच बाजूला ठेवा.

आता विस्तव. ग्रिल भिंतीपासून, कुंपणापासून आणि लोंबत्या फांद्यांपासून निदान तीन मीटर लांब असावा. पाऊस आला तर तो छपराखाली किंवा गॅरेजमध्ये ओढू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका कळतच नाही.

कोळसा पेटत नसेल तर त्यावर पेट्रोल किंवा रॉकेल ओतू नका. आधी तळाची हवेची छिद्रं बघा. बहुतेक वेळा मागच्या खेपेच्या राखेनं ती बुजलेली असतात. कोळसा ओलसर असला तरी हेच होतं. आणि पेटल्यावर थांबा. ज्वाळा दिसल्या की मांस टाकायची घाई होते, पण निखाऱ्यांवर राखाडी साय धरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. खरी स्थिर आच तिथून सुरू होते.

मला सर्वांत जास्त तळमळीनं सांगायची गोष्ट ही: निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. ते एका बाजूला लोटा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. निखाऱ्यांच्या बाजूला रंग आणायचा, रिकाम्या बाजूला झाकण लावून आतपर्यंत शिजवायचं. बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं चिकन या एका सवयीनं जवळजवळ बंद होतं. चरबी गळून भडका उडाला तरी पदार्थ सरकवायला जागा असते. झाकण लावा, हवा कमी करा, भडका बसतो. त्यावर पाणी मात्र मारू नका, जळती चरबी उडते आणि आग पसरते.

मांस जाळीला चिकटत असेल तर जाळी पुरेशी तापलेली नसते, किंवा तुम्ही फार लवकर ओढताय. तुकडा पुसून कोरडा करा, जाळीऐवजी तुकड्यालाच थोडं तेल लावा, आणि वाट बघा. खालची बाजू तांबूस झाली की तो आपोआप सुटतो. साखर किंवा मध असलेला सॉस शेवटच्या काही मिनिटांतच लावा, आधी लावला तर काळा होतो.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर हाडाला न लागता सर्वांत जाड भागात खुपसा: चिकन ७४ अंश सेल्सियस, मटणाचा खिमा ७१ अंश. कच्चं मांस ज्या ताटातून आणलं त्याच ताटात शिजलेलं काढणं ही नेहमीची आणि खरोखर धोक्याची चूक आहे. ताट आणि चिमटा दोन्ही वेगळे ठेवा. मांस ज्यात मुरवलं ते उरलेलं मसाल्याचं पाणी चांगलं उकळल्याशिवाय वरून लावू नका. उरलेलं जेवण दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त ऊन असेल तर एका तासातच.

जाळी गरम असतानाच घासा. तारेच्या ब्रशचा तुटका केस जाळीवर राहून पोटात जाऊ शकतो, म्हणून घासल्यावर एकदा कापडानं पुसून नीट बघा. राख मात्र रात्री उपसू नका. वरून विझलेल्या राखेत निखारे दिवसभर, कधी दोन दिवसही धुमसत असतात. झाकण आणि छिद्रं बंद करून ठेवा, पूर्ण गार झाल्यावर धातूच्या डब्यात काढा, आणि कोळशाच्या विटा वापरल्या असतील तर ती राख झाडांच्या बुंध्याशी घालू नका.