नागपुरात चित्र विकत घेताना आधी पाठ बघा

लोकमत चौकातली जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी, सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन, इथून सुरुवात करा. नवख्या हातांचं ताजं काम परवडणाऱ्या भावात बघायचं असेल, तर महाविद्यालयासारखी जागा नाही. उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दीत चित्र नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडताच जा, चित्रकारही निवांत भेटतो. चित्राशेजारी लाल टिकली असेल तर ते विकलं गेलं समजा.

आवडलेलं चित्र भिंतीवरून उतरवून दाखवायला सांगा आणि पाठ बघा. हाताच्या कामात कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडांवर रंगाचे ओघळ, बोटांचे ठसे सापडतात. छापील कॅनव्हासवर वरून पारदर्शक जेल फिरवून ब्रशचे फटकारे भासवलेले असतात. भिंगातून बघितलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. फटकारा एकीकडे आणि रंगाची कड भलतीकडे जात असेल, तर ती छापील प्रत आहे.

तैलचित्र कधी पूर्ण झालं तेही विचारा. वरून सुकलेला जाड रंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष घेतो. त्याआधी वॉर्निश लावलं तर पुढे तडे जाऊ शकतात.

पावतीवर चित्रकाराचं नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष हवंच. 22 सप्टेंबर 2025 पासून हाताने काढलेल्या चित्रांवर जीएसटी 12 ऐवजी 5 टक्के आहे. विकणाऱ्याची नोंदणी नसेल तर तो जीएसटी घेऊ शकत नाही. चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, म्हणून ते लग्नपत्रिकेवर छापायचं तर लेखी परवानगी घ्या.

नेताना आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. मे महिन्यात बंद गाडीत अॅक्रिलिक रंग मऊ पडतो, फुग्यांचे गोल वळ त्यावर कायमचे उठतात. वाटेत दुसरी कामं काढू नका.

घरी कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा. ती ओली हवा कागदात मुरते, मग बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन रंग उडवतं. कागदावरचं काम अॅसिडमुक्त माउंट, म्हणजे काच आणि कागदाच्या मधली पुठ्ठ्याची चौकट, लावूनच मढवा, काच कागदाला टेकता कामा नये. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या चकत्या चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल चित्रात सहज शिरत नाही.