शरीरात चरबी किती, स्नायू किती: तपासणी कशी करून घ्यावी

वजनकाटा किलो सांगतो, ते किलो कशाचे हे सांगत नाही. बीएमआयचंही (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) तेच, कारण तोही काट्यावरच्या वजनातूनच निघतो. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. डेक्सा नावाच्या एक्स-रे तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, हा आपल्या मंडळींचा ओळखीचा बांधा. काट्यावर तो अगदी निर्दोष सुटतो.

इंदूरच्या मराठी घरांतूनही हल्ली ‘बॉडी स्कॅन करून घेऊ का?’ असं विचारलं जातं. करायचंच असेल तर नीट कसं करावं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी टेप

शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 सेंटिमीटर ही भारतीयांसाठी धरली जाणारी मर्यादा आहे. घेर त्याच्या आत असेल, उंचीच्या निम्म्याहूनही कमी असेल आणि जिने चढताना काही जाणवत नसेल, तर स्कॅनचे पैसे वाचवा. केवळ कुतूहल म्हणून यंत्राखाली झोपण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तपासणीचा खरा उपयोग काही ठरावीक लोकांना होतो. आहाराने किंवा इंजेक्शनं घेऊन झपाट्याने वजन उतरवणारे, साठीनंतर पायांतली ताकद गेल्यासारखं वाटणारे, आणि अंगाने बारीक असूनही ज्यांना मधुमेह निघाला आहे असे.

यंत्र कुठलं?

जिममध्ये ज्यावर उभं करतात ते बहुतेक बीआयए यंत्र असतं. ते अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं. स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत फारच थोडं, त्यामुळे विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून पाण्याचा आणि पाण्यावरून बाकी सगळ्याचा अंदाज बांधला जातो. त्यात उंची आणि वजन, कधी वय आणि लिंगही, सूत्रात घातलेलं असतं. म्हणजे छापून आलेल्या आकड्याचा काही भाग तुम्हीच भरलेल्या माहितीचा असतो. फक्त पायांखाली पट्ट्या असलेला घरगुती काटा कमरेच्या वरचं जवळजवळ अंदाजानेच सांगतो. हातात धरायच्या दांड्या असलेलं यंत्र त्यापेक्षा बरं. पेसमेकर असेल तर मात्र बीआयएच्या वाटेला जाऊ नये.

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे अंगातून जातात. हाड, चरबी आणि बाकीच्या मऊ ऊती ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून हिशेब लागतो. गोम अशी की दोन ऊर्जांवरून एका जागी दोनच गोष्टी वेगळ्या करता येतात. जिथे हाड आड येतं तिथली चरबी शेजारच्या भागावरून धरली जाते. तरीही सामान्य माणसाला परवडेल आणि भरवसा ठेवता येईल अशी हीच तपासणी. किरणोत्सर्ग छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी असतो, काही मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे 2400 मायक्रोसिव्हर्ट, मिळतच असतात. गर्भवतींनी मात्र ही तपासणी करू नये.

सीटी आणि एमआरआय पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी सर्वांत स्पष्ट दाखवतात. पण केवळ चरबी मोजायला सीटी करून घेणं म्हणजे विनाकारण किरणोत्सर्ग, आणि एमआरआयचा खर्च मोठा. दुसऱ्या कारणाने पोटाचा सीटी आधीच झाला असेल, तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरची चरबी आणि स्नायू त्याच चित्रांतून मोजता येतात. रेडिओलॉजिस्टना विचारून बघायला काय हरकत आहे?

फोन करताना

डेक्सा यंत्र म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात हाडांचीच तपासणी येते, म्हणजे खुबा आणि कणा. समोरून ‘हाँ जी, होता है’ ऐकून निघालात, तर हाडांचा अहवाल हातात घेऊन परत याल. आपल्या इंदुरी रिवाजाप्रमाणे हिंदीतच स्पष्ट विचारा: ‘पूरे शरीर का, बॉडी कंपोज़िशन वाला होता है क्या? हाथ-पैर का अलग-अलग आँकड़ा मिलेगा?’ डॉक्टरांची चिठ्ठी लागते का आणि टेबलाला वजनाची मर्यादा किती, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आदल्या दिवशी आणि सकाळी

वेळ सकाळची घ्या आणि उपाशीपोटी जा. पोटातलं अन्न आणि पाणी यंत्र बहुतांशी ‘लीन’ खात्यात, म्हणजे स्नायूंसारख्या बिनचरबीच्या वजनात टाकतं. म्हणून आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीची फेरी नको. खारट आणि उशिराचं खाणं अंगात पाणी धरून ठेवतं. पोहे-जलेबी तपासणीनंतर खुशाल खा. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको, पाणी नेहमीइतकं प्या. कॅल्शियमची गोळी 24 तास आधी थांबवायला सांगतात. नुकतीच बेरियमची किंवा रंगद्रव्य टोचून तपासणी झाली असेल तर तसं सांगा, तारीख पुढे जाईल. मंगळसूत्र, बांगड्या, पट्टा, हुकांचे कपडे काढावे लागतात. खुब्यात किंवा गुडघ्यात धातूचा सांधा असेल तर नोंद करायला लावा.

टेबलावर काही मिनिटं निश्चल पडून राहायचं, एवढंच. उंच किंवा रुंद माणसाचा हात स्कॅनच्या कक्षेबाहेर जात नाही ना, हे पाहायला सांगा.

अहवाल वाचताना

सगळे जण आधी टक्केवारी शोधतात. मी म्हणेन, ती शेवटी बघा. समजा एक काका आहेत: उंची 168 सेंटिमीटर, वजन 65 किलो, चरबी 19.5 किलो, म्हणजे 30 टक्के. चार महिन्यांत त्यांनी वजन 61 वर आणलं. चरबी आता 17.5 किलो, म्हणजे 28.7 टक्के. टक्केवारी उतरली, पेढे वाटले. पण गेलेल्या चार किलोंपैकी चरबी दोनच किलो, उरलेले दोन किलो बहुतांश स्नायू आणि पाणी. नुसता भात कमी करून आणि कडधान्यं, दूध, व्यायाम यांकडे पाठ फिरवून वजन उतरवलं की असंच होतं. म्हणून किलो वाचा, चरबीचे आणि लीनचे वेगवेगळे.

मग हातापायांचं लीन वजन बघा. दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांची बेरीज करा आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. काकांचं समजा 18.8 किलो, 168 सेंटिमीटरचा वर्ग 2.82, भागाकार 6.7. स्नायू झिजण्याच्या आजारासाठीच्या आशियाई तज्ज्ञगटाने 2019 साली डेक्सासाठी ठरवलेली मर्यादा पुरुषांना 7.0 आणि बायकांना 5.4 आहे. काका खाली आले. अहवालात हाडासह आणि हाडाविना असे दोन आकडे असतील तर हाडाविना घ्या. मात्र एवढ्यावरून तो आजार ठरत नाही, ताकदही पाहतात. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर डॉक्टरांकडे जावं.

पोटाच्या आतल्या चरबीचा अंदाजही काही यंत्रं देतात. तो अंदाजच समजावा. आणि पूर्ण शरीराच्या अहवालावरचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) पाहून हाडं ठिसूळ झाल्याची धास्ती घेऊ नका. ते निदान खुबा आणि कणा यांच्या वेगळ्या स्कॅनवरून होतं.

पुन्हा कधी?

चार ते सहा महिन्यांनी, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, त्याच वेळी. एका कंपनीच्या यंत्राचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत, आणि बीआयएचे डेक्साशी तर नाहीच. त्याच यंत्रावरही माणूस लगेच दुसऱ्यांदा झोपला तरी आकडा थोडा सरकतो. ही यंत्राची मोजण्यातली चूक. तिच्या 2.77 पट किंवा जास्त बदल झाला तरच तो खरा धरतात. केंद्राला त्यांच्या यंत्राची ही चूक किती ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर अर्ध्या-पाऊण किलोच्या फरकावर ना हरखून जा ना खट्टू व्हा. अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्या, त्यावर यंत्राचं नाव पेनाने लिहा. मधल्या काळात केंद्राने यंत्र बदललं असेल, तर जुनी तुलना सोडून द्या आणि नव्या यंत्रावरचा अहवाल पहिला धरा.