मेनफ्रेम प्रोजेक्ट मिळालाय, घेऊ का?

कॅम्पसमधून निवड झाली, हिंजवडीत ट्रेनिंगला गेले आणि यादीत माझ्या नावापुढे ‘मेनफ्रेम’ दिसलं. बरोबरच्या बहुतेकांना जावा मिळालं होतं. त्या रात्री आईला फोन करून मी रडले. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्यांचे मोठे हिशेब सांभाळणारे मोठे संगणक, आणि त्यांवरचं बरंचसं काम कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेत. कोबोल १९५९ सालची भाषा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, सगळं काम कीबोर्डवर. आपण चुकीच्या गाडीत बसलो, असंच वाटत होतं.

आता ज्युनिअर मुलं विचारतात, “ताई, मेनफ्रेम प्रोजेक्ट मिळालाय, घेऊ का?” म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं मत बदललं ते एका रात्री. आमचा क्लायंट अमेरिकेतली एक विमा कंपनी. रात्री अडीचला फोन आला, प्रीमियमचा हिशेब करणारा जॉब, म्हणजे मेनफ्रेमवर आपोआप चालणारं काम, एस-झिरो-सी-सेव्हन या एररने बंद पडला होता. आमच्यात याला ‘सॉक-सेव्हन’ म्हणतात: आकडा हवा तिथे भलतंच काही आलं. डंपमधला, म्हणजे बंद पडतानाच्या मेमरीच्या नोंदीतला, ऑफसेट (जागेचा आकडा) धरून लिस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या छापील यादीत, ओळ शोधली. फील्ड होतं कॉम्प-थ्री, म्हणजे आकडे दाटून साठवायचा कोबोलचा एक प्रकार. यात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याचं चिन्ह. तिथे हेक्स (सोळा अंकी) पद्धतीतला सी, डी किंवा एफ हवा. मला दिसलं ४०४०४०, म्हणजे नुसत्या स्पेसेस. वरून आलेल्या फाइलमध्ये रक्कम कोरी राहिली होती. मशीनने अंदाजाने शून्य धरलं नाही, काम थांबवलं. लोकांच्या पैशांचा हिशेब असाच व्हायला हवा, हे तेव्हा मनापासून पटलं.

पैशांचं गणित दशमान पद्धतीनेच करणं हे या भाषेचं मोठं बळ. बायनरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांक शून्य-एकच्या रूपात साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ०.१ ही संख्या नेमकी मावत नाही. अर्थात जावातही दशमान गणितासाठी बिगडेसिमल आहे, त्यामुळे कोबोल टिकण्याचं खरं कारण एवढंच नाही. खरं कारण आत साठलेले नियम. आमच्या एका प्रोग्रॅममध्ये एका राज्यातल्या जुन्या पॉलिसींना वेगळी मुदत देणारा चार ओळींचा ‘इफ’, म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ ही अट, होता. जावात नव्याने लिहिताना तो वगळायचं जवळपास ठरलं होतं. निवृत्तीला आलेल्या एका सरांनी थांबवलं, कारण त्या पॉलिसी अजून चालू होत्या. कोड काय करतो, ते आता एआय टूलही समजावून सांगतं. तो तसा का लिहिला, हे बहुतेक वेळा कोडमध्ये लिहिलेलंच नसतं.

एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती. बातमी वाचून आम्हाला बरं वाटलं, पण त्यावर विसंबून करिअर ठरवू नका. कोबोलमध्ये अगदी नवी सिस्टीम उभी राहताना मी पाहिलेली नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या खातेवहीत ही भाषा माझ्या मते अजून बराच काळ राहील, तिच्याभोवतीचं मात्र बदलत जाईल. क्लायंटने मेनफ्रेम सोडायचं ठरवलं की टीम लहान होते. आमचीही झाली. राहिलो ते व्यवसाय कळणारे.

म्हणून प्रोजेक्ट जरूर घ्या, पण नुसतं कोबोल शिकून थांबू नका. जेसीएल (जॉब चालवायची भाषा) आणि डीबीटू (आयबीएमचा डेटाबेस) पक्कं करा, सोबत जावा किंवा पायथन ठेवा. घरी सरावाला ग्नूकोबोल हा कोबोलचा कंपायलर फुकट मिळतो, आणि खऱ्या मेनफ्रेमवर हात बसवायला आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा उपक्रमही मोफत आहे. कोबोलची वाक्यं इंग्रजीसारखी वाचता येतात, त्यामुळे भाषा महिन्याभरात अंगवळणी पडते. जास्त वेळ लागतो तो क्लायंटचा धंदा समजायला. टीममध्ये कुणी वर्षभरात निवृत्त होणार असेल, तर रोज अर्धा तास त्यांच्याशेजारी खुर्ची टाका आणि एकेक ‘इफ’ दाखवून विचारा, हा इथे कशासाठी आहे. उत्तर मिळालं की लगेच त्याच ओळीच्या वर सातव्या कॉलममध्ये तारा (*) टाकून कॉमेंट लिहा, तारखेसकट.