‘डार्न’ आणि ‘डँग’ बोलताना या चुका टाळा

आपल्याकडची आजी कशी वैतागून म्हणते, ‘मेलं हे कुलूप उघडतच नाही’, त्यातलं ‘मेलं’ म्हणजेच अमेरिकन इंग्रजीतलं डार्न. धिस डार्न लॉक. मूळ शब्द डॅम, पण ती शिवी तोंडात येऊ नये म्हणून लोकांनी तिचा आवाज जरा बदलून घेतला, आणि हे काही आजकालचं नाही, डिक्शनरीवाल्या नोआ वेब्स्टरने १७८९ मध्येच डार्नबद्दल लिहिलंय. डँगही त्याच डॅमचं सौम्य रूप, तसंच हेलचं हेक, गॉडचं गॉश.

सगळ्यात जास्त चूक होते ती जागेची. ‘द लॉक इज डार्न’ असं कुणी बोलत नाही, डार्न नेहमी वस्तूच्या आधी येतं, नाहीतर नुसतं ‘डार्न इट’. आणि कौतुक करायचं असेल तर ‘व्हेरी डार्न गुड’ नाही, ‘प्रिटी डार्न गुड’ म्हणा, तेच कानाला बरोबर लागतं.

दुसरं म्हणजे ‘व्हॉट हेक इज धिस’. मराठीत ‘द’सारखं काही नसतंच त्यामुळे तो आपल्याकडून हमखास गळतो, पण इथे तो हवाच, व्हॉट द हेक, व्हेअर द हेक. मात्र सौम्य आहे म्हणून बॉसला तोंडावर ‘व्हॉट द हेक’ विचारू नका, उद्धटच वाटतं ते.

डँगचा उच्चार नीट करा प्लीज, बँकमधला ‘अँ’ आहे तो. ‘डंग’ म्हटलंत तर त्याचा अर्थ शेण होतो आणि समोरचा गोंधळतो.

आता जी चूक मला खरंच लागते ती सांगते. कुणी म्हणालं वडील आयसीयूत आहेत, आणि आपण चांगल्या मनाने ‘ओह डार्न’ म्हणून गेलो, तर ते ‘अरेरे, बस चुकली वाटतं’ एवढंच हलकं ऐकू येतं, त्यात लांबवून म्हटलं तर टोमणाच वाटतो. तोंडून गेलंच तर लगेच ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ म्हणा आणि त्यांची चौकशी करा.

वस्तूवर चिडा, माणसावर नको, ‘डार्न यू’ लागतं मनाला. आणि धार्मिक घरात जाणार असाल तर गॉशसुद्धा जपून, देवाचं नाव उगाच घेतल्यासारखं काहींना वाटतं, तिथे नुसतं ‘ओह नो’ पुरतं.