डोळ्यातले इंजेक्शन आणि मूल होण्याची काळजी : विचारपूस कशी करावी

देवगड-राजापूर पट्ट्यातल्या एखाद्या मधुमेही तरुणाला पडद्यावरची सूज उतरण्यासाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितले, की याने मूल होण्यात अडचण येईल का, हा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि दवाखान्यात तो ओठांवर येत नाही. प्रश्न रास्त आहे. मात्र त्यापायी ठरलेली तारीख चुकवू नये, कारण सूज रेंगाळली तर गेलेली नजर पुरती परत येईलच असे नाही.

आधी औषधाचे नाव पाहावे. बाटलीवरचे स्टिकर पुष्कळदा केसपेपरवर चिकटवलेले असते. नसल्यास नाव लिहून मागावे. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट व बेव्हासिझुमॅब यांचा डोस सहसा ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एका थेंबाएवढा असतो आणि त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. अफ्लिबरसेप्ट माकडांना शिरेतून वारंवार दिल्यावर शुक्राणूंची हालचाल मंदावली व आकार बदलला, पण औषध थांबवल्यावर २० आठवड्यांत ते पूर्ववत झाले; शिवाय तिथली रक्तातली पातळी डोळ्यातल्या डोसनंतरच्या पातळीच्या कितीतरी पट होती. म्हणून डोळ्यातल्या डोसने तसा परिणाम अपेक्षित नाही, जरी पुरुषांच्या प्रजननक्षमतेची थेट आकडेवारी उपलब्ध नसली तरी. शेवटच्या डोसनंतर किमान ३ महिने गर्भधारणा टाळण्याची अफ्लिबरसेप्टची सूचना इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीसाठी आहे. पुरुष ती विनाकारण स्वतःला लावून घेतात. गॅन्सिक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची गोष्ट निराळी : ते शिरेतूनही चालू असेल तर निरोध किती दिवस वापरायचा, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

माझ्या मते खरी चौकशी साखरेची करावी. मधुमेहामुळे लिंगताठरता कमी होऊ शकते, कधी वीर्य उलटे मूत्राशयात जाते, आणि हा दोष उगाच इंजेक्शनच्या माथी मारला जातो.

तरीही मन खात असेल, तर पहिल्या इंजेक्शनआधी वीर्यतपासणी करून घ्यावी आणि शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात म्हणून ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी. दोन्ही तपासण्यांआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळावे. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचावा लागतो; वाडीवरून त्याची डबी खिशात घालून एसटीने निघाल्यास तेवढ्या वेळात कणकवली वा रत्नागिरी गाठणे अवघड असते, तेव्हा नमुना लॅबमध्येच द्यावा.