‘चेक’ म्हणजे नुसतं ‘तपासणे’ नव्हे, या चुका टाळा

दादरला इंग्रजी-मराठी भाषांतर शिकवते आणि दर बॅचला तीच चूक बघते, चेक दिसला की लगेच ‘तपासणे’ लिहून मोकळे, पुढे काय आहे ते वाचायचंच नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यूचं पत्रक वाटलं. इंग्रजीत होतं डासांची वाढ चेक करा, म्हणजे रोखा, आणि मराठीत ठळक अक्षरात ‘डासांची वाढ तपासा’! खालच्या आजी पत्रक घेऊन वर आल्या, म्हणाल्या, “अगं, पिंपात वाकून रोज बघत बसायचं का?” पिंप रिकामं करा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅपमध्ये टाकून दोन मिनिटांत काढलेलं भाषांतर ते, आणि असल्या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण भोगतो तो वाचणारा.

हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आलाय. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा, तो अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजाला शह बसला की खेळ तिथेच अडतो ना, म्हणून अडवणं, रोखणं हा अर्थ आधीचा आणि तपासणं नंतरचं. आपला ‘शह’ही त्याच शाहचा, म्हणजे मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं. माझी सवय सांगते, चेकच्या पुढे पसरणारी, वाढणारी, धावणारी गोष्ट असेल तर मी आधी ‘रोखणे’ लावून बघते, नाहीच बसलं तर तपासणे.

‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं ‘धनादेश आणि शिल्लक’ करू नका, कृपा करा. सत्तेवरचा अंकुश आहे तो.

बँकेच्या चेकचं स्पेलिंग आपल्याकडे शेवटी क्यू-यू-ई, अमेरिकेत सी-के. त्या क्यूमागे ‘एक्सचेकर’ची छाप आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या महसुलाचा हिशेब चौकड्यांचं कापड घातलेल्या टेबलावर सोंगट्या मांडून व्हायचा, ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्या खात्याचं नाव एक्सचेकर. चेक्सचा शर्टही त्याच पटावरचा.

चेक रिपब्लिकचा मात्र यातल्या कशाशीच संबंध नाही, ते नाव तिथल्या लोकांवरून आलंय, देवनागरीत सारखं दिसतं एवढंच.